रायफलच्या दस्त्यावरील गालटेकू : उंची कशी ठरवावी?

१ ऑगस्ट २०२४ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक मिळवले. या प्रकारात गुडघ्यावर बसून, पालथे झोपून आणि उभे राहून नेम धरतात. प्रत्येक स्थितीत मानेचा कोन बदलतो, पण डोळा साइटमागे अचूकच यावा लागतो. गालाला आधार देऊन हे साधणारा दस्त्यावरील भाग म्हणजे गालटेकू. नेमबाज त्याला ‘चीकपीस’ म्हणतात.

गरज का?

टेकू बुटका असेल तर गाल टेकवल्यावर डोळा साइटच्या खाली राहतो. मग डोके उचलून धरावे लागते, मान थकते आणि दर वेळी डोळा निराळ्या जागी येतो. समजा, दोन साइटमधील अंतर ७० सेंमी आहे आणि त्यांच्या जुळणीत ०.१ मिमी चूक झाली. समरूप त्रिकोणांच्या नियमानुसार ५० मीटरवर ही चूक ०.१ × ५० ÷ ०.७, म्हणजे सुमारे ७ मिमी होते. या लक्ष्यपत्रावर लगतच्या दोन वर्तुळांत ८ मिमी अंतर असते. म्हणजे केसाएवढ्या चुकीने जवळजवळ एक गुण जातो.

कृती

१. रायफल रिकामी असल्याची खात्री प्रशिक्षकांसमोर करा. क्लबच्या रायफलचा दस्ता तासू नका, त्याला भोके पाडू नका.

२. डोळे मिटून मान सैल ठेवून गाल टेकवा, मग डोळे उघडा. मागच्या साइटच्या भोकात पुढची साइट मधोमध दिसेपर्यंत दस्त्यावर पुठ्ठ्याच्या पट्ट्या वाढवत जा.

३. पट्ट्यांची एकूण जाडी मोजून तेवढ्या जाडीचा कडक फोम कापा. मऊ स्पंज गालाखाली दबतो आणि उंची बदलते.

४. कडा गोल करून वर पातळ चामडे लावा. वेल्क्रोच्या पट्ट्यांनी टेकू घट्ट बांधा. बोल्ट मागे ओढताना तो अडत नाही ना, हे पाहा.

पडताळणी

दुसरी पायरी दहा वेळा करा. दर वेळी साइट मधोमध दिसली तरच उंची बरोबर. स्पर्धेत वजनमर्यादाही पाळावी लागते : १० मीटर एअर रायफलसाठी ती ५.५ किलो आहे आणि टेकूचे वजन त्यातच धरतात.

स्वाध्याय : साइटमधील अंतर ८० सेंमी केल्यास वरील चूक किती होईल? तरीही गालटेकू का लागेल?