विश्लेषण : व्लादिमिर क्लिच्को नसता, तर हेवीवेट बॉक्सिंगचे काय झाले असते?

बॉक्सिंगच्या हेवीवेट गटावर युक्रेनच्या व्लादिमिर क्लिच्कोने २००६ ते २०१५ अशी तब्बल साडेनऊ वर्षे हुकमत गाजवली. या काळात त्याने सलग १८ वेळा जगज्जेतेपद राखले. तरीही त्याच्या कामगिरीबद्दल बोलताना एक आक्षेप हमखास घेतला जातो, तो म्हणजे ‘त्याच्यासमोर तगडे प्रतिस्पर्धीच नव्हते’. हा आक्षेप तपासायचा, तर क्लिच्कोला चित्रातून वजा करून पाहावे लागते. तो नसता तर नवा महान जगज्जेता घडला असता, की नुसतीच जगज्जेत्यांची गर्दी वाढली असती?

हा प्रश्न निव्वळ कल्पनेतला आहे का?

नाही. क्लिच्कोची कारकीर्द दोनदा संपल्यात जमा होती. १९९६च्या अटलांटा ऑलिम्पिकमध्ये सुवर्णपदक जिंकणारा आणि २००० मध्ये प्रथमच जगज्जेता झालेला क्लिच्को मार्च २००३ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या कोरी सँडर्सकडून दुसऱ्याच फेरीत पराभूत झाला. एप्रिल २००४ मध्ये अमेरिकेच्या लॅमन ब्रूस्टरने त्याला पाचव्या फेरीत गारद केले. त्याला ठोसा सोसत नाही, असे तेव्हा उघडपणे बोलले जाऊ लागले.

सप्टेंबर २००५ मध्ये अटलांटिक सिटी येथे नायजेरियाच्या सॅम्युएल पीटरविरुद्ध तर तो तीनदा खाली पडला. तिन्ही वेळा उठून त्याने ही लढत गुणांवर जिंकली आणि जगज्जेतेपदाच्या लढतीसाठी दावेदारी मिळवली. त्या रात्री तो उठला नसता, तर हेवीवेट गटाचे पुढचे दशक त्याच्याविनाच गेले असते.

एकाच गटात अनेक जगज्जेते कसे?

व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये फुटबॉलच्या ‘फिफा’सारखी एकच सर्वोच्च संघटना नाही. डब्ल्यूबीए, डब्ल्यूबीसी, आयबीएफ आणि डब्ल्यूबीओ या चार प्रमुख संघटना स्वतंत्रपणे क्रमवारी लावतात आणि आपापला मानाचा पट्टा देतात. त्यामुळे एका वेळी चार जगज्जेते असू शकतात. ब्रिटनच्या लेनॉक्स लुईसने १९९९ मध्ये डब्ल्यूबीए, डब्ल्यूबीसी आणि आयबीएफचे पट्टे एकत्र केले होते. मात्र, तो २००४ मध्ये निवृत्त होईपर्यंत ही एकी मोडली होती. क्लिच्कोने एप्रिल २००६ मध्ये मानहाइम येथे अमेरिकेच्या ख्रिस बर्डला हरवून आयबीएफचा पट्टा मिळवला. उरलेले तीन पट्टे तेव्हा इतरांकडे होते. पुढील दोन-तीन वर्षांत त्या पट्ट्यांचे जे झाले, त्यातच आपल्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर दडलेले आहे.

क्लिच्कोकडे नसलेल्या पट्ट्यांचे काय झाले?

ते हातोहात फिरत राहिले. डब्ल्यूबीओचे उदाहरण सर्वात बोलके आहे. एप्रिल २००६ मध्ये बेलारूसच्या सर्गेई लियाखोविचने ब्रूस्टरला हरवले. सातच महिन्यांनी, शेवटच्या फेरीचा एक सेकंद उरला असताना, शॅनन ब्रिग्जने लियाखोविचला थेट रिंगबाहेर फेकले. त्याच ब्रिग्जला जून २००७ मध्ये रशियाच्या सुलतान इब्रागिमोव्हने नमवले. लियाखोविच आणि ब्रिग्ज यांना जेतेपद एकदाही राखता आले नाही. फेब्रुवारी २००८ मध्ये क्लिच्कोने इब्रागिमोव्हला हरवून हा पट्टा घेतला आणि त्याची भटकंती थांबली. पुढची पावणेआठ वर्षे तो एकाच कमरेला होता.

डब्ल्यूबीसीमध्येही हसीम रहमान, ओलेग मस्काएव्ह आणि सॅम्युएल पीटर अशी अदलाबदल झाली. डब्ल्यूबीएचा पट्टा सात फूट उंचीच्या निकोलाय वालुएव्हकडून रुस्लान चागाएव्हकडे, पुन्हा वालुएव्हकडे आणि नोव्हेंबर २००९ मध्ये ब्रिटनच्या डेव्हिड हेकडे गेला. म्हणजे जिथे क्लिच्को नव्हता तिथे दुसरा ‘क्लिच्को’ तयार झाला नाही. बहुतेक जण एकमेकांना आलटून-पालटून हरवत होते.

त्याच्या अनुपस्थितीचा सर्वाधिक फायदा कोणाला झाला असता?

पहिले नाव येते ते रशियाच्या अलेक्झांडर पोवेत्किनचे. क्लिच्कोचा आव्हानवीर ठरवण्यासाठी आयबीएफने २००७-०८ मध्ये चौघांची स्पर्धा घेतली. पोवेत्किनने त्यात ख्रिस बर्ड आणि एडी चेंबर्स यांना हरवले. क्लिच्को नसता, तर याच लढतींतून पोवेत्किन २००८च्या सुरुवातीला जगज्जेता झाला असता, असे मानायला जागा आहे. प्रत्यक्षात २००८ मध्ये पायाच्या दुखापतीमुळे त्यांची लढत रद्द झाली. २०१० मध्ये पोवेत्किनच्या गोटाने माघार घेतली. अखेर ऑक्टोबर २०१३ मध्ये मॉस्कोत ते समोरासमोर आले, तेव्हा क्लिच्कोने त्याला चार वेळा खाली पाडत एकमताने विजय मिळवला.

दुसरा हे. जुलै २०११ मध्ये हॅम्बुर्गमध्ये क्लिच्कोने गुणांवर हरवून त्याचा डब्ल्यूबीएचा पट्टा हिसकावला. पराभवानंतर हेने पायाच्या दुखऱ्या बोटाकडे बोट दाखवले आणि तो थट्टेचा विषय झाला. क्लिच्को नसता, तर हे कदाचित आणखी काही वर्षे जगज्जेता म्हणून मिरवला असता. तिसरा अमेरिकेचा टोनी थॉम्पसन. क्लिच्कोकडून २००८ आणि २०१२ असा दोनदा पराभूत झालेल्या या बॉक्सरच्या नावापुढे एखादा पट्टा नक्कीच लागू शकला असता.

थोरल्या भावाचे काय?

येथे गणित अवघड होते. व्लादिमिरचा थोरला भाऊ विताली ऑक्टोबर २००८ मध्ये निवृत्तीतून परतला आणि पीटरला हरवून डब्ल्यूबीसीचा जगज्जेता झाला. एकाच वेळी हेवीवेट जगज्जेते असणारे ते पहिले भाऊ ठरले. एकमेकांविरुद्ध लढणार नाही, असा शब्द दोघांनी आईला दिला होता. त्यामुळे चारही पट्टे कधीच एकत्र आले नाहीत.

व्लादिमिर नसता तर विताली २००९ ते २०१२ दरम्यान चारही पट्टे जिंकू शकला असता, असा तर्क करता येतो. २००८ नंतरच्या १० लढतींत तो अपराजित होता. पण याला दुसरी बाजू आहे. दोघांनी एकाच वेळी जगज्जेते व्हायचे, हे भावांचे जुने स्वप्न होते. धाकटा भाऊ जगज्जेता नसता, तर दुखापतींनी जर्जर झालेला विताली चाळिशीच्या उंबरठ्यावर रिंगमध्ये परतला असता का? शिवाय परतला असता, तरी २०१३च्या अखेरीस तो राजकारणासाठी बॉक्सिंग सोडून गेलाच. त्यानंतरची पोकळी कायम राहिली असती.

तो हरल्यानंतर काय घडले?

क्लिच्कोविना गट कसा दिसतो, याची चाचणी नोव्हेंबर २०१५ नंतर प्रत्यक्षात झाली. ब्रिटनच्या टायसन फ्युरीने डुसेलडॉर्फमध्ये त्याला हरवून तिन्ही पट्टे जिंकले. दोन आठवड्यांच्या आत आयबीएफने नियमानुसार ठरलेल्या आव्हानवीराशी लढत न केल्याबद्दल फ्युरीचे जेतेपद काढून घेतले. ते जानेवारी २०१६ मध्ये अमेरिकेच्या चार्ल्स मार्टिनला मिळाले आणि एप्रिलमध्ये अँथनी जोशुआने त्याला दुसऱ्याच फेरीत हरवले. मानसिक आरोग्याच्या तक्रारी आणि उत्तेजक चाचणीचे प्रकरण यांत अडकलेल्या फ्युरीने ऑक्टोबर २०१६ मध्ये उरलेले दोन्ही पट्टे सोडले. डिसेंबरमध्ये डब्ल्यूबीओचा पट्टा न्यूझीलंडच्या जोसेफ पार्करकडे गेला. क्लिच्कोने जे अनेक वर्षे एकत्र ठेवले, ते वर्षभरात विखुरले.

मग प्रतिस्पर्धी दुबळे होते का?

काही नक्कीच होते. फ्रान्सेस्को पियानेटा किंवा अ‍ॅलेक्स लिआपाई यांच्याविरुद्धच्या लढती एकतर्फी होणार, हे आधीच स्पष्ट होते. क्लिच्कोची शैलीही रटाळ मानली जाई. दोन पराभवांनंतर प्रशिक्षक इमॅन्युएल स्टुअर्ड यांच्या तालमीत तो सावध झाला. डाव्या हाताच्या लांब ठोशाने अंतर राखायचे आणि प्रतिस्पर्धी जवळ आलाच तर त्याला मिठीत जखडायचे, हे त्याचे सूत्र होते. पोवेत्किनविरुद्ध त्याने याचा अतिरेक केला. १८ पैकी १३ लढती जर्मनीत झाल्याने अमेरिकी प्रेक्षकही दुरावले. मात्र, वालुएव्ह, चागाएव्ह आणि पोवेत्किन यांचे व्यवस्थापनही जर्मनीतूनच चालत असल्याने तो नसता तरी या गटाचे केंद्र लगेच अमेरिकेत परतले असते, असे नाही.

त्याच्या नसण्याने खरे नुकसान कोणाचे झाले असते?

पुढच्या पिढीचे. फ्युरीचे नाव जगभर झाले ते अनेक वर्षे अजिंक्य राहिलेल्या जगज्जेत्याला हरवल्यामुळे. एप्रिल २०१७ मध्ये वेम्बली स्टेडियमवर सुमारे ९० हजार प्रेक्षकांसमोर जोशुआ एकदा खाली पडून उठला आणि ४१ वर्षांच्या क्लिच्कोला त्याने ११व्या फेरीत थांबवले. जोशुआच्या सर्वात मोठ्या विजयांत ही लढत गणली जाते. मार्टिनला हरवून त्याला पट्टा मिळाला होता, पण प्रतिष्ठा मिळाली ती क्लिच्कोला हरवून. क्लिच्को नसता, तर जगज्जेते दुप्पट झाले असते, लढती कदाचित अधिक रंगल्या असत्या. पण त्यांपैकी कोणाला हरवले म्हणजे आपण अव्वल, हे ठरवायला मापच उरले नसते.