आरसा घासावा, ब्लेडला विचारावं

मुलांनो, घरात देवपूजेची सहाण असेल तर तिच्यावरून एकदा बोट फिरवून पाहा. मध्यभागी खोलगट लागेल. तो खळगा कोणी छिन्नीने कोरलेला नाही. वर्षानुवर्षं चंदनाचं खोड त्यावर गोल गोल फिरलं, मधे घासणं जास्त झालं, तिथला दगड जास्त झिजला. दुर्बिणीचा आरसा घरी बनवायचा तर अशीच झीज आपल्या कामी येते. फक्त दगडाच्या जागी काच, खोडाच्या जागी दुसरी काच आणि दोघींच्या मधे कार्बोरंडमची पूड व पाणी.

“पण दुर्बिणीत भिंगं असतात ना? आरसा कुठून आला?” हा प्रश्न वर्गात हमखास येतो. दुर्बिणी दोन्ही तऱ्हेच्या असतात. न्यूटनने १६६८ साली खोलगट आरशाची पहिली छोटी दुर्बीण तयार केली. असा आरसा ताऱ्याचा प्रकाश गोळा करून एका बिंदूपाशी आणतो. आज जगातल्या सगळ्यात मोठ्या दुर्बिणी आरशाच्याच आहेत. आणि हौशी माणसाला घरी घासता येतो तोही आरसाच, कारण त्याची एकच बाजू नीट करावी लागते.

चला तर, सहा इंची म्हणजे १५० मिलिमीटर व्यासाचा आरसा करू. जाड काचेच्या दोन सारख्या चकत्या हव्यात. एक चकती वाळूने भरलेल्या पिंपावर घट्ट बसवायची. तिच्यावर ओली पूड टाकायची, वर दुसरी चकती ठेवायची आणि दोन्ही हातांनी पुढे-मागे सरकवायची. थोड्या वेळाने हातातली चकती जराशी फिरवायची, आपणही पिंपाभोवती एक पाऊल सरकायचं. पुन्हा खर्र खर्र. असं करत प्रदक्षिणा घालत राहायचं!

आता गंमत पाहा. वरची चकती पुढे सरकली की तिचा काही भाग बाहेर लोंबतो. मग सगळा भार येतो तो वरचीच्या मध्यावर आणि खालचीच्या कडेवर. म्हणून वरची मधे झिजून खोलगट होते आणि खालची कडेला झिजून फुगीर. शिवाय दोघी प्रत्येक दिशेने एकमेकींवर घासल्या जात असल्यामुळे, कशाही फिरवल्या तरी एकमेकींत चपखल बसेल असाच आकार शेवटी उरतो. तो असतो गोलाचा तुकडा. भूमितीच्या तासाला कंटाळणाऱ्यांनी हे जरूर करून पाहावं.

खळगा किती खोल हवा? आरशापासून १२०० मिलिमीटरवर प्रकाश एकवटायचा असेल, तर मध्यभागी अवघा १.१७ मिलिमीटर. एवढ्यावर जाड पुडीचं काम संपतं. पुढे बारीक, मग आणखी बारीक, मग पिठासारखी पूड. प्रत्येक पूड आधीच्या पुडीने पाडलेले खड्डे पुसते. पण पूड बदलताना काच, पिंप, हात, नखं, सगळं स्वच्छ धुवायला हवं. मागच्या पुडीचा एकच कण चिकटून राहिला तर तो लांबच लांब ओरखडा काढतो आणि मागच्या पायरीवर परतावं लागतं. पूड नेहमी ओलीच ठेवायची, कोरडी झाली की ती उडते आणि नाकातोंडात जाते.

इथवर काच दुधाळ दिसते. तिला चकाकी आणण्यासाठी खालच्या चकतीवर पिच नावाच्या डांबरासारख्या पदार्थाचा थर देतात आणि पुडीऐवजी सेरियम ऑक्साईड वापरतात. पुन्हा कित्येक तास तेच पुढे-मागे. मग काच आरपार स्वच्छ होते, आणि घासणाऱ्याला वाटतं, झालं काम!

खरं काम इथून पुढेच आहे. सपासप घासणं कोणालाही जमेल, पण आरसा चांगला झाला की बिघडला हे ओळखणं अवघड. प्रकाशाच्या लाटेची लांबी असते सुमारे ०.०००५५ मिलिमीटर. आरशावर पडून परतताना प्रकाश तोच उंचवटा दोनदा अनुभवतो, म्हणून चूक दुप्पट होते. चित्र स्वच्छ दिसायचं तर आरशाचा पृष्ठभाग कुठेही ०.००००७ मिलिमीटरपेक्षा जास्त चुकून चालत नाही. तुमच्या डोक्यावरच्या एका केसाचे उभे हजार पापुद्रे काढले, तर त्यातल्या एकाच्या जाडीइतकं हे अंतर! कुठली पट्टी एवढं मोजणार?

यावर तोड काढली लेऑं फूको या फ्रेंच शास्त्रज्ञाने. पृथ्वी स्वतःभोवती फिरते हे १८५१ साली लंबकाने दाखवणारा तोच हा फूको. १८५८ साली त्याने सांगितलेली परीक्षा आजही हौशी मंडळी दाढीच्या ब्लेडने घेतात. काळोख्या खोलीत आरसा उभा ठेवायचा. समोर २४०० मिलिमीटरवर एक दिवा डब्यात झाकून ठेवायचा आणि डब्याला सुईने बारीक भोक पाडायचं. त्या भोकातून गेलेला प्रकाश आरशावरून परतून भोकाच्या शेजारीच एकवटतो. तिथे डोळा लावला की सगळा आरसा पौर्णिमेच्या चंद्रासारखा उजळलेला दिसतो. आता डोळ्यापुढे, प्रकाश एकवटतो नेमक्या त्या जागी, ब्लेड हळूहळू आडवं सरकवत आणायचं. (ब्लेड हाताळायला मोठं माणूस शेजारी हवं.)

पृष्ठभाग अचूक गोलाचा असेल तर सगळा आरसा एकदम, सारखाच काळोखतो. कुठे उंचवटा किंवा खड्डा असेल तर तिथून आलेला प्रकाश ब्लेडला चुकवतो किंवा आधीच अडतो. संध्याकाळच्या तिरप्या उन्हात मैदानावरचे खळगे सावल्यांनी उठून दिसतात ना, अगदी तसं काचेवर दिसतं. डोळ्यांवर विश्वास बसत नसेल तर काचेवर मिनिटभर अंगठा टेकवा आणि पुन्हा पाहा. अंगठ्याच्या जागी चक्क टेकाड उभं राहिलेलं असतं! अंगठ्याच्या उबेने काच किंचित फुगलेली असते. थोड्या वेळाने टेकाड विरून जातं. मला तर ही सगळ्या कामातली सर्वांत आवडती जागा वाटते.

फूकोच्या आधी काय होतं? विल्यम हर्शेल हा इंग्लंडमधल्या बाथ गावचा संगीतशिक्षक. तो तांबं आणि कथिल यांच्या मिश्रधातूचे आरसे घरीच घासायचा. एकदा तर त्याने सोळा तास आरशावरचा हात उचलला नाही आणि बहीण कॅरोलाइनने त्याला घास भरवले. घरी केलेल्या अशाच दुर्बिणीतून १३ मार्च १७८१ रोजी त्याला युरेनस दिसला. पण आरसा कसा उतरला हे कळायला त्याला दुर्बीण रोखूनच पाहावं लागे. आपल्याला मात्र ते घरबसल्या कळतं.

गोल आकार जमला तरी एक पायरी उरते. दूरच्या ताऱ्याचा प्रकाश एका बिंदूत आणायचा तर आकार गोलापेक्षा किंचित वेगळा, पॅराबोलाचा हवा. आपल्या आरशात मध्यापासून कडेपर्यंत हा फरक जेमतेम ०.०००३ मिलिमीटर. आता ब्लेडपुढे आरसा सारखा काळोखत नाही, तर ताटलीत ठेवलेल्या मेदूवड्यासारखा दिसतो. दिवा जागेवर ठेवून ब्लेड मागे-पुढे केलं, तर आरशाच्या मध्यावरून येणारा प्रकाश जिथे एकवटतो त्याच्या सुमारे २.३ मिलिमीटर मागे कडेचा प्रकाश एकवटायला हवा. केवढी सोय पाहा. काचेवरचा न दिसणारा फरक ब्लेडपाशी साध्या स्क्रूने मोजता येण्याइतका मोठा होऊन येतो.

आणि परीक्षाच चुकली तर? २४ एप्रिल १९९० रोजी हबल दुर्बीण अंतराळात गेली. तिचा २.४ मीटरचा आरसा अतिशय गुळगुळीत होता, तरी चित्रं धूसर येऊ लागली. तपास केला तेव्हा कळलं, की आरसा तपासण्याच्या उपकरणातच एक भिंग १.३ मिलिमीटर चुकीच्या जागी बसलं होतं. त्या उपकरणावर विसंबून आरसा कडेला सुमारे ०.००२ मिलिमीटर जास्त सपाट घासला गेला. दुसऱ्या, साध्या उपकरणांनी चूक दाखवली होती, पण तीच कमी अचूक म्हणून त्यांचं कोणी ऐकलं नाही. शेवटी डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीरांनी वर जाऊन दुर्बिणीला जणू चष्मा लावला. म्हणून अनुभवी मंडळी आपल्या छोट्या आरशाचीही दोन निरनिराळ्या रीतींनी परीक्षा घेतात, आणि दोन उत्तरं जुळली नाहीत तर सोयीचं उत्तर धरत नाहीत.

हे काम एकट्याने करण्यापेक्षा जाणत्यांबरोबर केलेलं बरं. पुण्याच्या आयुका संस्थेत दुर्बीण बनवण्याच्या कार्यशाळा झालेल्या आहेत. तुमच्या गावाजवळ आकाशदर्शन मंडळ असेल तर तिथेही आई-बाबांना चौकशी करायला सांगा.

परीक्षेत उतरलेल्या काचेवर शेवटी निर्वात पेटीत ॲल्युमिनियमचा मुलामा चढवतात. त्याची जाडी मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाइतकीच. मग आरसा नळीत बसवायचा. सूर्याकडे दुर्बीण कधीही रोखायची नाही, डोळा कायमचा जाईल. पहिल्या रात्री चंद्र पाहा, किंवा गुरू आणि त्याचे चार चंद्र. आणि पाहण्याआधी अर्धा तास दुर्बीण अंगणात काढून ठेवा. अंगठ्याचं टेकाड आठवतंय ना? घरातली ऊब काचेतून निघून जायला तेवढा वेळ लागतो.