सालीतलं औषध आणि नंदुरबारचे वाणी

शिरूर अनंतपाळमध्ये कुणाला कर्करोग निघाला की आम्ही लातूर गाठतो. माझ्या आत्याला तिथेच पॅक्लिटॅक्सेलचं सलाईन लागलं, तीन तास चाललं. औषध मुळात झाडाच्या सालीतलं, हे कळल्यावर ती म्हणाली, "झाडाचे उपकारच म्हणायचे की बाबा!"

ते झाड अमेरिकेतलं पॅसिफिक यू. १९६२ साली त्याची साल गोळा झाली. मन्रो वॉल यांच्यासोबत तिच्यातला गुणकारी रेणू शोधला मनसुख वाणींनी. जन्म नंदुरबारचा, शिक्षण मुंबई विद्यापीठात. १९७१ मध्ये दोघांनी त्याची रचना जाहीर केली. पेशी दुभंगताना आत सूक्ष्म नळ्यांचा सांगाडा उभा राहतो, मग सुटतो. हे औषध तो सुटूच देत नाही, म्हणून पेशीचं विभाजन अडतं. १९९२ मध्ये अमेरिकेत अंडाशयाच्या कर्करोगासाठी त्याला मान्यता मिळाली.

पण साल सोलली की झाड मरतं. म्हणून पुढे युरोपातल्या यूच्या पानांपासून औषध बनू लागलं. पानं पुन्हा फुटतात, झाड जगतं.

सह्याद्रीतल्या नरक्या या झाडातही कर्करोगावरच्या औषधांना लागणारं कॅम्प्टोथेसिन असतं. १९६६ मध्ये ते एका चिनी झाडातून प्रथम वेगळं करणाऱ्यांतही वाणी होते. या कॅम्प्टोथेसिनसाठी नरक्याची बेसुमार तोड झाली. जंगलातला नरक्या राखून त्याची शेतात लागवड करणं, हे आपलं कर्तव्यच आहे.