ज्वारीबरोबर मागे पडलेले कुरडू

वडनेर भोलजीच्या काळ्या शिवारात ज्वारीचा पेरा मोठा होता, तेव्हा कुरडू कुणी मुद्दाम लावत नसे. मृगाच्या पावसावर ते आपसूक उगवायचे. निंदता निंदता बायका कोवळे शेंडे भाजीपुरते ओटीत खुडून घ्यायच्या. डवऱ्यातून सुटलेली रोपे धुऱ्याला वाढत आणि दिवाळीपर्यंत फुलत.

२००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली. त्याच सुमारास सोयाबीन पसरत गेले आणि ज्वारी आटली. निंदणाला मजूर मिळेनात, म्हणून तणनाशके आली. फवारणीचा पंप आधी वावरात फिरला, मग धुऱ्यावर, मग पांदणीवरही. त्यातल्या ग्लायफोसेट या तणनाशकाच्या वापरावर केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये निर्बंध घातले. तोवर ऐन पावसाळ्यात पिवळे पडलेले धुरे ही नेहमीची गोष्ट झाली होती.

यात नेमके काय गेले, ते कुरडूच्या एका तुऱ्यावर दिसते. तुरा खालून वर फुलत जातो. शेंड्याला गुलाबी कळ्या, मध्ये रुपेरी फुले आणि बुडाशी पिकलेले बी, असे सगळे एकाच वेळी असते. वर मधमाश्या आणि बारीक निळी फुलपाखरे, खाली बी टिपणाऱ्या मुनिया. पिकलेले फळ डबीच्या झाकणासारखे आडवे उघडते आणि तुरा झटकला की तळहातावर काळे, चकचकीत बी पडते. ज्वारीची कणसे गेल्यावर दाणे खाणाऱ्या पाखरांना असा आधार जास्तच हवा होता.

गेली काही वर्षे आम्ही धुऱ्यावर कुरडू राखतो. दिवाळीला बी झटकून कागदाच्या पुडीत ठेवायचे. मृगाचा चांगला पाऊस झाला की बारीक मातीत मिसळून वरच्यावर फेकायचे. खोल गाडायचे नाही. शेजाऱ्यांची धास्ती खोटी नाही. कुरडूचे बी भरपूर पडते आणि पिकात घुसले की निंदण वाढते. म्हणून पिकाच्या बाजूची रोपे फुलण्याआधीच उपटावीत आणि धुऱ्याच्या मधला पट्टाच राखावा.

कुरडूला वावर नको, धुऱ्याचा हातभर पट्टा पुरतो. येत्या मृगापासून निदान एका धुऱ्यावर पंप नेऊ नका आणि पाखरांनी बी टिपेपर्यंत तिथे विळा लावू नका.