एका तारेतील अनेक वाहिन्या

वाराणसी येथे गंगेची धोक्याची पातळी ७१.२६२ मीटर आहे. १९७८ च्या महापुरात पाणी ७३.९०१ मीटरपर्यंत चढले होते. नदीकाठच्या स्वयंचलित मापनयंत्राकडून जलपातळी, पाऊस व तापमान यांचे आकडे पुष्कळदा एकाच तारेतून, अक्षरामागून अक्षर असे येतात. आज्ञावली प्रथम संदेशाचा आरंभ व शेवट शोधते, विभाजक चिन्हांपाशी तो तोडते आणि प्रत्येक आकडा त्याच्या वाहिनीत घालते. पहिलाच आकडा गळाला, तर पुढचे एकेक घर सरकतात व पर्जन्यमान जलपातळी म्हणून वाचले जाते. यास्तव आकड्यांची संख्या वा तपासणी-अंक न जुळल्यास संपूर्ण संदेश टाकून द्यावा लागतो. रिकामे घर दिसले, तर माणूस घाटावरील मोजपट्टी वाचू शकतो. खोट्या आकड्याचा मात्र संशयही येत नाही.