कोठीघराविना धान्यसंग्रह

जुन्या घरातील कोठीघर ही केवळ सामानाची खोली नव्हती. जाड भिंती, लहानशी खिडकी आणि कोरडी भुई अशी तिची रचना असे. चुलीची वाफ तेथे पोचत नसे, ऊन शिरत नसे आणि तेथे कोणी निजतही नसे. आज शहरांतील असंख्य कुटुंबांचा संसार एक-दोन खोल्यांत चालतो. धान्याचे डबे शेगडीवरच्या फळीवर चढतात, नाही तर पलंगाखाली सरकतात. कोठीघर जे काम मुकाट्याने करीत असे, ते आता डब्याकडून करून घ्यावे लागते.

धान्याचा पहिला शत्रू कीड नव्हे, वाफ होय. तीन मीटर लांब, तितक्याच रुंद व उंच खोलीची कल्पना करावी. तापमान ३० अंश सेंटिग्रेड असता तिच्यातील हवा फार तर ८०० ग्रॅम बाष्प सामावून घेऊ शकते. पावसाळ्यात कोलकाता, मुंबई किंवा मंगळूर येथील हवेत यांपैकी शेकडा सत्तरांहून अधिक भाग आधीच भरलेला असतो. अशा वेळी खिडकी मिटून भात शिजविला आणि पाव लिटर पाणी वाफ होऊन गेले, की खोलीतील हवा संपृक्त होते व भिंतींना घाम फुटतो. शेगडीवरची फळी हाताला सोयीची खरी. परंतु धान्य ठेवण्यास तिच्याइतकी वाईट जागा घरात दुसरी नाही.

धान्य दिसावयास निर्जल असले तरी ते हवेतील बाष्प सतत घेत वा सोडत असते. सापेक्ष आर्द्रता शेकडा ७० असलेल्या हवेत उघडे राहिलेले गहू-तांदूळ अखेर शेकडा १३ ते १४ भाग पाण्यावर स्थिरावतात. याच्या वर बुरशीचे राज्य सुरू होते. ही बुरशी केवळ वास बिघडविते असे समजू नये. १९७४ साली राजस्थानातील बांसवाडा व गुजरातेतील पंचमहाल या लगतच्या जिल्ह्यांत अवकाळी पावसाने भिजलेला व नीट न साठविलेला मका लोकांच्या खाण्यात आला. त्यावर वाढलेल्या बुरशीने अफ्लाटॉक्सिन हे विष निर्माण केले होते. ३९७ माणसांना यकृताचा विकार जडला आणि त्यांपैकी १०६ दगावली. हे विष नेहमीच्या शिजविण्याने नाहीसे होत नाही. म्हणून बुरशी आलेले शेंगदाणे किंवा मका धुऊन, भाजून वापरण्याची काटकसर करू नये.

धान्य पुरेसे कोरडे आहे की नाही, हे ओळखण्याची एक सोपी युक्ती आहे. कोरड्या काचेच्या बाटलीत मूठभर धान्य व चमचाभर अगदी कोरडे मीठ घालून ती घट्ट मिटावी व चांगली हलवावी. काही मिनिटांनी मीठ काचेला चिकटलेले दिसले, तर धान्य ओले समजावे. ते उन्हात पातळ पसरावे आणि पूर्ण निवल्यावरच भरावे. ऊन धान्य डब्यात कोंडले, तर झाकणाखाली पाणी साचते.

आता किडीकडे वळू. तांदळात सोंडे किंवा टोके म्हणून ओळखल्या जाणाऱ्या किड्याची मादी सोंडेने दाण्यास भोक पाडते, आत एक अंडे घालते व भोक बुजवून टाकते. अळी दाण्याच्या आतच पोसते. उष्ण हवेत सुमारे महिन्याभरात नवा किडा बाहेर येतो, आणि ‘काल तर डबा स्वच्छ होता’ असे आपण म्हणतो. डब्यात कीड बाहेरूनच शिरते असे नाही. पुष्कळदा ती दुकानातून दाण्याच्या पोटात बसून येते.

तिच्यावर हवाबंद साठवण हा उत्तम उपाय आहे. कोंडलेले किडे आतील प्राणवायू स्वतःच संपवितात व वाढ खुंटून मरतात. याच तत्त्वावर अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाच्या संशोधकांनी १९८० नंतरच्या दशकात कॅमेरूनमधील शेतकऱ्यांच्या चवळीसाठी एकात एक घातलेल्या तीन थरांच्या पिशव्या तयार केल्या. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेच्या ‘पुसा कोठी’त मातीच्या भिंतीमध्ये पॉलिथीनचा पडदा असतो, तोही ओल व हवा अडविण्यासाठीच. घरात मात्र एक पथ्य पाळावे लागते. अर्धा रिकामा व रोज उघडला जाणारा डबा हवाबंद राहत नाही. म्हणून एका मोठ्या पिंपापेक्षा गळ्यापर्यंत भरलेले चार लहान डबे बरे. त्यांतला एकच वापरात असावा. कडधान्यांना खाद्य तेलाचा हलका हात लावला, तर भुंगेऱ्यांची अंडी जगत नाहीत. किलोस चहाचा एक चमचा तेल पुरते.

काही घरांत याऐवजी धान्यात ॲल्युमिनिअम फॉस्फाइडच्या गोळ्या ठेवतात. ही गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. हवेतील ओल लागताच त्या गोळीतून फॉस्फिन हा अत्यंत विषारी वायू सुटतो आणि त्यावर खास असा उतारा नाही. मोठ्या गोदामात प्रशिक्षित माणसे दारे बंद करून तिचा वापर करतात व बाहेर थांबतात. एका खोलीच्या घरात त्याच हवेत मुले निजलेली असतात. ही गोळी घरात येताच कामा नये. पाऱ्याच्या गोळ्याही धान्याबाहेरच असाव्यात.

राहता राहिले कांदे-बटाटे. दोन्ही टोपल्यांतून, पण वेगवेगळे ठेवावेत. बटाट्यांवर उजेड पडू देऊ नये, कारण हिरवट झालेल्या बटाट्यात सोलॅनिन हे विषारी द्रव्य वाढते. पालेभाजीसाठी दोन मडकी एकात एक ठेवून मधली वाळू ओली राखण्याची रीत जयपूर-नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात चांगली चालते. कोकणच्या दमट हवेत पाणी उडतच नाही, त्यामुळे मडके निवत नाही. तेथे भाजी रोजची रोज आणावी.

नवे धान्य जुन्यावर ओतू नये. डबा रिकामा करून, कोपऱ्यातले पीठ झाडून, कडक उन्हात तापवावा व निवल्यावर मगच भरावा.