धरण उभे राहिले, टेलचे काय?

12 जुलै 1961 रोजी सकाळी आंबी नदीवरचे पानशेतचे मातीचे धरण फुटले आणि त्या लोंढ्यापुढे त्याच दिवशी मुठेवरच्या खडकवासल्याची जुनी दगडी भिंतही टिकली नाही. हा इतिहास पुण्याच्या वाहून गेलेल्या पेठांपुरता सांगितला जातो. पण ही धरणे पुन्हा बांधली गेली ती केवळ पुण्यासाठी नव्हे. पानशेत 1972च्या सुमारास पूर्ण झाले, पुढे वरसगाव आणि टेमघरची भर पडली, आणि आज चारही धरणांची मिळून साठवण सुमारे 29 टीएमसी आहे. त्यातले पाणी खडकवासल्याहून निघणाऱ्या नव्या मुठा उजव्या कालव्याने हवेली, दौंड ओलांडत सुमारे 200 किलोमीटरवरच्या इंदापुरापर्यंत जायचे आहे. वाटेत याच पाण्यावर जनाई-शिरसाई उपसा योजनेतून बारामतीच्या जिरायती गावांचीही भिस्त आहे. म्हणून या पुनर्बांधणीचा कस पानशेतच्या भरावावर नव्हे, तर कालव्याच्या टेलला, म्हणजे शेवटच्या टोकाला, लागतो.

पानशेतचा धडा भिंतीच्या जाडीचा नव्हता. पाणी सोडण्याच्या मोरीचे काम पुरे नसताना पावसाळ्याचे पाणी साठू दिले गेले आणि मोरीवरचा भराव खचत गेला. म्हणजे धरण फुटले ते साठवण्याच्या घाईत सोडण्याची व्यवस्था मागे राहिल्याने. नव्या धरणाने ती चूक टाळली, कालव्यावर मात्र तिच्याच जातीची हेळसांड चालू राहिली. सप्टेंबर 2018मध्ये हाच कालवा पुण्यात दांडेकर पुलाजवळ फुटला आणि जनता वसाहतीच्या परिसरातल्या घरांत पाणी शिरले. गळक्या अस्तरातून आणि वाटेतल्या उपशातून जे वाचते, तेच टेलच्या आवर्तनात उरते. कालवा आटला की त्यावर भरणारे तलाव आटतात, आणि तलाव आटले की त्यांच्या काठच्या गावांच्या विहिरी.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला, पिण्याचे पाणी आधी, शेती नंतर. हे मान्यच आहे. पण शहराने वापरलेले पाणी नाहीसे होत नाही. ते शुद्ध करून मुंढव्याहून जुन्या कालव्यात सोडण्याची योजना आहेच. ती पुऱ्या क्षमतेने चालली, तर तहान आणि पीक यांत निवड करण्याची वेळ पुष्कळ अंशी टळेल. दुसरा आक्षेप असा, की उजनीचा अथांग जलाशय दाराशी असताना इंदापूरने खडकवासल्याकडे का पाहावे? कारण उजनीचे पाणी खाली आणि भीमा-नीरेमधला माळ वर. लाकडी-निंबोडीसारख्या योजनेने ते वर चढवता येईल, पण प्रत्येक थेंबामागे विजेचे बिल येईल. कालव्याचे पाणी उताराने येते, हाच त्याचा मोठा गुण आहे.

तेव्हा धरण पुन्हा बांधणे हे निम्मे काम होते. उरलेले निम्मे म्हणजे कालव्याची पक्की दुरुस्ती, शुद्ध केलेल्या पाण्याचा रोजचा जाहीर हिशेब आणि कालवा सल्लागार समितीत टेलच्या गावांचा आवर्तनावर पहिला हक्क. पाणी टेलपासून वर मोजत यावे. तसे झाले तरच 1961चे धरण खऱ्या अर्थाने पुन्हा बांधले असे म्हणता येईल.